सात गिटारी, सातही रिजेक्ट

(वहीतच राहिलेलं पत्र)

कासारवाडी,
ता. ९ ऑक्टोबर १९७७

कोंडूदादास सप्रेम जयभीम.

तुला कळवायचं राहून गेलं, असं लिहिणार होतो. पण ते खोटं आहे. राहिलं नाही, मीच कुणाला कळवू दिलं नाही. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये सेकंड शिफ्टला माझा डावा हात प्रेसखाली आला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. मधलं आहे, पण वाकत नाही. कंपनीने काढलं नाही, इन्स्पेक्शनला बसवलं. दिवसभर दुसऱ्यांनी केलेले पार्ट मोजतो आणि बरोबर की चूक ते ठरवतो. काम बैठं आहे, पगार तोच आहे, त्याची तक्रार नाही.

तक्रार बेंजोची आहे. तू भुसावळहून तो आणून दिलास तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि डाव्या हाताने बटणं दाबायची, हेही तूच दाखवलंस. आता उरलेल्या बोटांनी चार महिने रेटून पाहिलं. बोटं गाण्याच्या मागे राहतात. आमची गायन पार्टी चालवणाऱ्या अण्णासाहेबांनी ते तोंडावर सांगितलं असतं तर बरं झालं असतं. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाला त्यांनी चिंचवडचा एक बेंजोवाला आणला आणि मला म्हणाले, "भीमराज, तू यंदा समोर बस. आम्ही कसं गातो ते सांग." मी समोर बसलो. अठरा वर्षं ज्या गाण्यांच्या आत होतो ती पहिल्यांदा बाहेरून ऐकली. दादा, मला ते सहन झालं नाही.

*

कासारवाडी,
ता. ९ ऑक्टोबर १९७७

कोंडूदादास सप्रेम जयभीम.

इकडे सर्व ठीक. माझी प्रेसवरून इन्स्पेक्शनला बदली झाली, बढतीच म्हण. गिरजा मजेत आहे.

पत्राचं कारण असं की मला गिटार घ्यायची आहे. बेंजोचा कंटाळा आला. पिंपरीतल्या दोन गायन पार्ट्यांनी गिटार आणल्यापासून सगळी तरुण मंडळी त्यांच्याच मंडपात उभी राहतात. आमच्या अण्णासाहेबांनी परवा तालमीत तो विषय काढला, तर मी पटकन म्हणून बसलो, "मी शिकतो." सगळ्यांदेखत म्हटलं. आता येत्या चौदा एप्रिलला गिटार घेऊन पार्टीत बसलो तर बसलो, नाहीतर माझी जागा कायमची गेली असं समज. हातात सहा महिने आहेत.

गिटार मी एकदाच पाहिली आहे, कंपनीच्या स्नेहसंमेलनात, तीही मागच्या रांगेतून. उजवा हात सगळं काम करतो आणि डावा नुसती मान धरून बसतो, असं दिसलं. ते मला पसंत पडलं. तू तर तिथे रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये साहेबलोकांबरोबर किती वर्षं वाजवतोस. पहिली गिटार घेताना काय बघायचं असतं ते सविस्तर लिही. मला वाद्यातलं कळतं, पण ह्या वाद्यातलं काहीच कळत नाही.

तुझा,
भीमराज

*

भुसावळ, रेल्वे क्वार्टर्स,
ता. १८ ऑक्टोबर १९७७

चि. भिवास जयभीम आणि आशीर्वाद.

बेंजोचा कंटाळा आला म्हणतोस. कंटाळणारा माणूस तू नाहीस, एकच भाजी आठवडाभर घातली तरी तू मान खाली घालून खाशील. पण असो, बढती मिळाली की माणसाच्या सवयी बदलतात. गिटारचं मला विचारलंस ते उत्तम केलंस. भुसावळात ह्या विषयावर माझ्याशी कोणी वाद घालत नाही. डग्लस साहेब म्हणून मेलचा ड्रायव्हर होता, गेल्या वर्षी ऑस्ट्रेलियाला गेला. जाताना माझा हात धरून म्हणाला, "कोंडी, तुझ्यासारखा कान मी पाहिला नाही." आता बोल.

तर ऐक. तुझी आई, आमची जाईमामी, चाकणच्या बाजारात कांदा कसा घ्यायची आठवतं का? चार ढीग हिंडल्याशिवाय एका कांद्याला हात लावायची नाही. तसं हिंड. गिटारीच्या पाठीवर बोटाने ठोकून बघ, पत्र्यासारखी वाजली तर ठेवून दे. भोकाला नाक लाव. सरसाचा वास मारत असेल तर ती काल चिकटवलेली आहे आणि उद्या उकलणार. मग मान एका टोकाकडून डोळा बारीक करून बघ, आमचे गँगमन रूळ बघतात तशी. वाकडी असली की तारा वर उचललेल्या राहतात आणि दाबताना बोटं सोलून निघतात.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं आता सांगतो. मानेवर पितळी पट्ट्या ठोकलेल्या असतात. त्या सगळ्या सारख्या अंतरावर पाहिजेत. दुकानदार फसवतात ते तिथेच. डोळ्यावर विश्वास ठेवू नको, तू इन्स्पेक्शनवाला आहेस, मोजून घे.

गिरजाला आशीर्वाद. काय घेतलीस ते कळव.

कोंडीराम

*

कासारवाडी,
ता. ६ नोव्हेंबर १९७७

कोंडूदादास सप्रेम जयभीम.

आज सुट्टी होती. सकाळच्या गाडीने पुण्याला गेलो आणि आत्ताच परत आलो. तिथे लष्कर भागात वाद्यांचं एक जुनं दुकान आहे. दुकानदार म्हातारे आहेत, चष्मा कपाळावर आणि शोधतात टेबलावर. मी खिशातून मापं घ्यायचा व्हर्निअर काढला तसे ते म्हणाले, "वाद्य घ्यायला आलात की तपासणीला?"

दुकानात सात गिटारी होत्या, सगळ्या कलकत्त्याच्या. पहिली घेतली. ठोकून बघितली, वास घेतला, मान बघितली. पास. मग पट्ट्यांमधली अंतरं मोजली. पहिलं घर साडेछत्तीस मिलिमीटर. दुसरं चौतीस पॉइंट चार. तिसरं साडेबत्तीस. असं उतरत उतरत बारावं घर एकोणीसवर आलं. दादा, आमच्याकडे पाव मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी अख्खा लॉट परत जातो. मी म्हटलं, ही रिजेक्ट. दुसरी घेतली, तीही तशीच. तिसरी तशीच. दुकानदारांनी स्टूल आणून दिलं आणि स्वतः चहा मागवून बघत बसले. सातवी तर मानेतसुद्धा वाकलेली, तारा बोटभर वर. ती ते कलकत्त्याला परतच पाठवणार होते. मी सातही बाजूला केल्या. ते म्हणाले, "मास्तर, तुमच्या हिशोबाने मग जगात गिटारच नाही." मी म्हटलं, माझे भाऊ भुसावळला वाजवतात, त्यांचं मत असं आहे. त्यावर ते नुसतं "बरं" म्हणाले.

येताना गाडीत एक गोष्ट मात्र डोक्यातून जाईना. सातही गिटारींत चूक अगदी एकसारखी होती. चुका अशा येत नाहीत. हात घसरला तर एका ठिकाणी घसरतो, ड्रिल बोथटलं तर हळूहळू बिघडतं. सात वेगळ्या नगांत तीच चूक त्याच जागी म्हणजे कुणीतरी ती ठरवून केली असली पाहिजे. कशासाठी, ते कळत नाही. तुला माहीत असेल तर लिही.

आणखी एक. तू "दाबताना" असं लिहिलं होतंस, त्याचा अर्थ मला तिथे कळला. दुकानदारांनी थोडं वाजवून दाखवलं. डावा हात मान धरून बसत नाही. सगळी बोटं तारांवर धावत असतात. हे मला माहीत नव्हतं. डाव्या हाताची नक्की किती बोटं लागतात? दोनात भागतं का? सहज विचारतो.

तुझा,
भीमराज

*

भुसावळ,
ता. १५ नोव्हेंबर १९७७

चि. भिवास जयभीम.

सातही रिजेक्ट केल्यास, शाबास. पुण्याचा माल तसलाच असतो, मुंबईत बघ. चूक सारखी कशी ते विचारतोस. एकाच साच्यातून काढल्या असतील, साचाच बिघडलेला असेल. तू कंपनीत काम करतोस, एवढं तुला सुचू नये?

आणि दोन बोटांचं काय विचारतोस, राव? दोन बोटांनी तपकीर ओढतात. गिटारीला चार बोटं लागतात आणि मागून अंगठा. अजून हातात आली नाही तोवर तू सवलत मागायला लागलास. सहा महिन्यांत शिकतो म्हणून सगळ्यांदेखत बोललास ना, मग आता हात चोरू नको. अशा माणसाने बेंजोच वाजवावा, तो तरी नीट येतो.

इन्स्टिट्यूटमध्ये नाताळच्या नाचाची तयारी चालू आहे, मला श्वास घ्यायला फुरसत नाही. तू घेतलीस की कळव.

कोंडीराम

*

कासारवाडी,
ता. २२ जानेवारी १९७८

कोंडूभावजींना गिरजाचा जयभीम.

मला लिवायचा सराव न्हाई. प्रौढ वर्गात शिकले तेवढंच येतंय, चुकलं तर संबाळून घ्या. ह्ये पत्र मी ह्यांना न सांगता लिवते.

तुमचं मागलं पत्र आलं तवा ह्ये कामावरनं येऊन चहा पीत व्हते. दोन बोटाचं वाचलं आन् पत्राची घडी घातली. चहा तसाच ऱ्हायला. त्या दिसापास्नं गिटारीचं नाव न्हाई. अण्णासाहेबांस्नी सांगून आले की माझ्या भरवशावर ऱ्हाऊ नका. तालमीला जात न्हाईत. तालमीचा आवाज आमच्या घरापातुर येतो, तर दार लावून घेत्यात.

बेंजो खोक्यात हाय. कुनाला देत बी न्हाईत आन् बघत बी न्हाईत. डिसेंबरात एकदा उघडला, मला वाटलं वाजवत्यात. म्हनून चुलीपासनं उठून आले. तर झाकन काढून आतली मापं घेत बसले व्हते.

भावजी, तुमचा राग न्हाई. तुमाला ठावं न्हवतं. ठावं हुऊ नये म्हनून ह्यांनीच आमा सगळ्यांस्नी शपथ घातली व्हती. तुमी दिलेला बेंजो गेला ह्ये तुमाला कसं सांगू, म्हनायचे. मला वहीत एक पत्र गावलं, तुमाला लिवलेलं पर टाकलेलं न्हाई. ते यात घालते. वाचा, म्हंजे कळंल.

चौदा एप्रिलला ह्ये परत समोर बसले तर मी त्यांच्या शेजारी बसनार न्हाई, मला बघवत न्हाई. काय करता येत असंल तर करा.

गिरजा

*

भुसावळ,
ता. २ फेब्रुवारी १९७८

भिवा,

गिरजावर रागावू नको. तिने तुझं वहीतलं पत्र मला पाठवलं. मी ते इन्स्टिट्यूटच्या पायरीवर बसून वाचलं. तुला मी हात चोरू नको म्हटलं. बेंजोच वाजव म्हटलं. ते पोस्टात पडलं, तुझ्या हातात आलं, तू वाचलंस, आता ते माझ्याने परत घेता येत नाही. मला लाज वाटते. तुझ्या बोटांबद्दल मला काय वाटतं ते मी लिहीत नाही, भेटलो म्हणजे तुझा हात हातात घेईन.

आता माझं ऐक. तू वहीत खरं लिहिलंस, तर मीही लिहितो. मला गिटार येत नाही. कधीच आली नाही. मी इथे हॉल अटेंडंट आहे. खुर्च्या मांडतो, खुर्च्या उचलतो, नाच झाला की फरशी पुसतो. डग्लस साहेबाची गिटार इन्स्टिट्यूटमध्येच असायची, जाताना ती तो इथेच देऊन गेला. ती दर शनिवारी मी पुसतो. अकरा वर्षं पुसतोय. तारेला बोट लावलं नाही. लावू नको असं कुणी म्हणालं नव्हतं. पण गावात आपल्याला कशाकशाला हात लावायचा नाही हे न सांगता कळायचं ना, ते माझ्या हातातून गेलंच नाही. बाबासाहेबांनी सगळं सांगितलं, मी सगळं ऐकलं, सभेत टाळ्याही मोठ्याने वाजवल्या, आणि हात तिथेच राहिला. गावी आलो की तुम्ही पोरं विचारायचात, दादा तू तिथे काय करतोस. एकदा तोंडातून गेलं, गिटार वाजवतो. तुमचे डोळे असे चमकले की पुढे ते खोटं मोडवेना.

पट्ट्या सारख्या अंतरावर पाहिजेत हे मी ठोकून दिलं. मी खुर्च्या सारख्या अंतरावर मांडतो, त्यावरून सुचलं असेल. त्या दुकानदाराची माझ्या वतीने माफी माग.

पण कान चांगला आहे असं साहेब म्हणाला ते खरं आहे. आणि अकरा वर्षं जे डोळ्यांनी पाहिलं तेही खरं आहे, म्हणून आता सांगतो ते मनावर घे. डग्लस साहेब गिटार छातीशी धरत नसे. खुर्चीत बसून मांडीवर आडवी ठेवायचा, तारा वरच्या बाजूला. डाव्या हातात पोलादाचा एक गुळगुळीत तुकडा, बोटाएवढा लांब. तो तारांवर टेकवायचा आणि सरकवायचा. दाबायचं नाही. बोटं तारांना लागतच नाहीत. हिला हवाईयन गिटार म्हणतात. गिटार तीच, बसायची पद्धत वेगळी. अंगठा आणि मधलं बोट दोन बाजूंनी तुकडा धरतात, पहिलं बोट वरून टेकतं. बाकीची दोन नुसती मागे लोंबतात. त्यांचं तिथे मोठंसं काम मी कधी पाहिलं नाही. आज हॉलची मोठी किल्ली मी तशी धरून पाहिली, ती दोन बोटं मिटून. पडली नाही. दहा वेळा पाहिलं.

आणखी एक. अशी वाजवायची तर तारा उंच लागतात, नाहीतर पोलाद पट्ट्यांवर खडखडतं. साहेब तारांखाली मुद्दाम एक पट्टी सरकवून त्या वर उचलायचा. तू लिहिलेली ती सातवी, वाकलेली, तारा बोटभर वर असलेली, अजून दुकानात आहे का?

हे वाचून तू पत्र फाडलंस तरी मी काही म्हणणार नाही. पण आधी दुकानात जाऊन ये.

कोंडीराम

*

कासारवाडी,
ता. २६ फेब्रुवारी १९७८

कोंडूदादास सप्रेम जयभीम.

पत्र फाडलं नाही. गिरजावर दोन दिवस रागावलो होतो, तिसऱ्या दिवशी तिनेच मला पुण्याच्या गाडीत बसवलं.

तुला गिटार येत नाही हे मला डिसेंबरातच कळलं होतं. सारख्या चुकीचं कोडं सुटत नव्हतं म्हणून मी बेंजोचं झाकण काढून आतल्या पट्ट्या मोजल्या. अठरा वर्षं वाजवला, आत कधी बघितलं नव्हतं. तिथेही तेच, उतरती अंतरं. मग कागद घेऊन बसलो. प्रत्येक घर आधीच्या घरापेक्षा साधारण अठराव्या भागाने लहान होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आणि बारावी पट्टी तारेच्या बरोबर मध्यावर येते, जिथे तोच सूर वरच्या सप्तकात लागतो. एक केस इकडेतिकडे नाही. दादा, मी वर्षभर पार्ट मोजतोय, इतकं नीट काम मी पाहिलेलं नाही. मी ज्याला चूक म्हणत होतो तोच त्याचा नियम होता. एवढा आनंद झाला की तुला लिहायला कागद काढला. मग लक्षात आलं की हे लिहिलं तर तुला खोटं पाडल्यासारखं होईल. आणि मी तरी कुठे खरं सांगितलं होतं. कागद ठेवून दिला.

दुकानात गेलो. म्हाताऱ्यांनी ओळखलं, म्हणाले, "या इन्स्पेक्टर." मी तुझी आणि माझी दोघांची माफी मागितली. मग डावा हात खिशातून काढून टेबलावर ठेवला आणि काय हवंय ते सांगितलं. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढून हात पाहिला. मग आत गेले आणि सातवी घेऊन आले. परत पाठवायची राहूनच गेली होती. स्वतःच्या मांडीवर आडवी ठेवून, खिशातल्या पेनचं धातूचं टोपण तारेवर सरकवून त्यांनी मला एक सूर ऐकवला. बटणाने सूर एकदम उडी मारतो. हा चालत गेला, माणसाचा गळा जातो तसा. मी म्हटलं, ही पास.

पोलादाचा तुकडा मी बनवला. टूलरूममध्ये भोकं साफ करायच्या तुटलेल्या रीमरचा पोलादी दांडा भंगारात पडला होता, तो सुपरवायझरला विचारून घेतला. ग्राइंडरवाल्याने फिनिश मारून दिलं, पॉलिश मी केलं. वाकत नाही म्हणून ज्या मधल्या बोटाला मी दीड वर्षं शिव्या देतो, ते तुकड्याच्या बाजूला असं सरळ टेकतं की जणू त्यासाठीच ठेवलंय. आता रोज कामावरून आल्यावर बसतो. सूर पट्टीच्या अलीकडे थांबला तर रडका लागतो, पलीकडे गेला तर गिरजा स्वयंपाकघरातून "पुढं गेलं" म्हणते. तिला बरोबर कळतं. एप्रिलपर्यंत किती येईल सांगता येत नाही. अण्णासाहेबांकडे अजून गेलो नाही.

तुझा,
भीमराज

*

कासारवाडी,
ता. १६ एप्रिल १९७८

कोंडूदादास सप्रेम जयभीम.

परवा कार्यक्रम झाला. पार्टीत बसलो.

आधीचं सांगतो. मार्चअखेर गिटार पिशवीत घालून तालमीला गेलो. अण्णासाहेबांनी पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पेटीवाल्याला सरकून बसायला सांगितलं. त्यांच्या स्वतःच्या एका गाण्यात ते एक ओळ फार लांबवतात. बेंजोवर ती मला कधी धरता आली नव्हती, बटण सुटलं की सूर संपतो. ह्या वेळी मी तुकडा हळूहळू सरकवत त्यांच्या मागोमाग गेलो. ते मध्येच गायचे थांबले. मला वाटलं चुकलं. तर म्हणाले, "थांब, परत घेऊ. मला ऐकू दे."

मांडीवर गिटार घेतली की हात लपत नाही हे माझ्या आधी लक्षात आलं नव्हतं. उलट डावा हातच सगळ्यांत वर, दिव्याखाली. दीड वर्षं तो मी खिशात नाहीतर टॉवेलाखाली ठेवला. परवा अख्ख्या पिंपरी-कासारवाडीने तो पाहिला. पहिल्या गाण्यात माझं लक्ष लोकांच्या डोळ्यांकडेच होतं, आणि त्या नादात एकदा सूर पट्टीच्या बराच पुढे गेला. समोर गिरजा बसली होती, तिने मान हलवली. मग मी लोकांकडे बघायचं सोडलं. पुढच्या रांगेत म्हाताऱ्या सरूबाई होत्या, त्या शेजारणीला विचारत होत्या, "ही बाय गातीया की पेटी गातीया?" ते मला नीट ऐकू आलं.

मला दोनच गाणी येतात. ती झाली, पण मी उठून समोर गेलो नाही. बाकीची बारा गाणी गिटार मांडीवर ठेवून नुसता बसून होतो. चिंचवडचा बेंजोवाला माझ्या शेजारी होता, चांगला माणूस आहे, पाण्याचा तांब्या आधी माझ्याकडे करायचा.

सोबत पार्सल आहे. त्या दांड्यातून दोन तुकडे निघाले होते. दोन्ही एकाच मापाचे, व्हर्निअरने तपासलेत. एक मी ठेवला, एक तुझा. तुझ्या डग्लस साहेबाचा तुकडा तो बरोबर घेऊन गेला असेल, म्हणून.

तुझा,
भीमराज

*

भुसावळ,
ता. २९ एप्रिल १९७८

चि. भिवास जयभीम.

पार्सल पोचलं. चार दिवस तुकडा खिशात घेऊन हिंडत होतो. खुर्च्या मांडताना मांडीला लागायचा, की आठवण व्हायची.

आज शनिवार. नाच रद्द झाला, साहेबलोक आता फार उरले नाहीत. सेक्रेटरी किल्ली माझ्याकडे टाकून गेला. दुपारी हॉलमध्ये मी एकटा होतो. दार आतून लावलं, मग म्हटलं लावायचं कशाला, आणि पुन्हा उघडलं. कपाटावरून गिटार काढली. अकरा वर्षं दर शनिवारी काढतो तशीच काढली, फडकं खांद्यावर होतं.

पुसली नाही. खुर्ची ओढून बसलो आणि मांडीवर घेतली.

सहा तारा आहेत. पहिली कुठली लावायची आणि किती ताणायची, ते मला काही कळत नाही. सविस्तर लिही.

कोंडीराम